समुद्राजवळच्या घरातली ओल: रंग काढू, गिलावा काढू की आणखी काही?

कातळवाट | १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं, समुद्रापासून पायी सात-आठ मिनिटांवर. आजोबांनी बांधलं तेव्हा भिंतींना चुन्याचा गिलावा होता. तो जागोजागी सुटायला लागला म्हणून २०१९ साली सगळाच खरवडून सिमेंटचा केला. वर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट. दोन पावसाळे घर देखणं दिसलं. तिसऱ्या पावसाळ्यापासून माजघराच्या दोन भिंती जमिनीपासून वर ओल्या व्हायला लागल्या. आधी रंगाला फोड आले, मग पोपडे सुटले, आता हात लावला की पुट्टीचा भुगा हातात येतो.

गेल्या जुलैत बाबांची तसबीर पुसायला खाली काढली. मागच्या पुठ्ठ्यावर काळपट हिरवी बुरशी होती आणि फोटोत बाबांच्या खांद्यापर्यंत डाग चढला होता. आईला दाखवली नाही.

आई ७४ वर्षांची आहे, तिथेच राहते, दम्याचा त्रास आहे. पावसाचे चार महिने खोकला हटत नाही. ठेकेदार म्हणतो, आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारू, वर नवी पुट्टी, मग दहा वर्षं बघायला नको. २०१९ लाही मला असंच सांगितलं होतं. पाऊस यायला पावणेदोन महिने आहेत. काय करू? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

---

झावळी | १२ एप्रिल

गुहागरला आमच्याकडे अगदी हेच झालंय. आतून काहीही मारू नका, एवढं आत्ताच सांगते. सविस्तर रात्री लिहिते.

---

गच्चीवर | १२ एप्रिल

मी थोडं वेगळं सांगतो. अलिबागला आमचा बंगला आहे, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. विटा, सिमेंटचा गिलावा, बाहेरून चांगला रंग. बारा वर्षांत आत ओलीचा एक डाग नाही. तेव्हा सिमेंटला सरसकट दोष देऊ नये. काम नीट झालं नसेल.

---

पाया_पक्का | १२ एप्रिल

कातळवाट, आधी काही प्रश्न. ओल जमिनीपासून किती उंच आहे? घराच्या आतल्या, ज्यांना पाऊस लागतच नाही अशा भिंतींनाही आहे का? पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, कुठे जातं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खळ्यात (घरापुढच्या अंगणात) किंवा परसदारी गेल्या काही वर्षांत काय काम केलंत? जोतं तेव्हा किती उंच होतं, आता किती आहे?

(तीस वर्षं सिव्हिलमध्ये काढली, त्यातली बरीचशी रत्नागिरी-सिंधुदुर्गात.)

---

वाडीतला | १२ एप्रिल

घराक वारो लागाक होयो. आमची आजी ह्याच सांगी. पावसात सगळी दारां-खिडक्यो बंद करून बसलास तर भिंतीक पण दमो लागतलो.

---

कातळवाट | १३ एप्रिल

@पाया_पक्का, तुमचा प्रश्न वाचून आईला फोन केला आणि तिच्या उत्तराने मीच चरकलो.

आधी खळं शेणाने सारवलेलं होतं. २०२० मध्ये तिथे पेव्हर ब्लॉक घातले, म्हणजे पावसात चिखल नको, आई घसरायला नको. खाली मुरुमाचा भराव टाकला होता. आई म्हणाली, "अरे, ओटीवर चढायला तीन पायऱ्या होत्या ना, आता एकच राहिलीय." दोन पायऱ्या जमिनीत गेल्या आणि मला सहा वर्षांत हे दिसलंच नव्हतं.

ओल आज एप्रिलमध्येही साधारण कमरेपर्यंत आहे. माजघर आणि देवघर यांच्या मधल्या भिंतीलाही आहे, तिला पाऊस कुठूनच लागत नाही. पन्हळ फक्त पुढच्या बाजूला आहे, मागे पागोळ्या थेट भिंतीच्या पायथ्याशी पडतात.

---

पाया_पक्का | १३ एप्रिल

मग तुमचं उत्तर त्या दोन पायऱ्यांत आहे.

जांभा हा भोकाभोकांचा दगड आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होतो, पण भोकं राहतातच. त्याचं बूड ओल्या जमिनीत असेल तर दिव्याची वात तेल ओढते तसा तो पाणी वर ओढतो. जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून जोतं उंच, छपराचा उतार पुढे काढलेला, सगळ्या बाजूंनी पडवी आणि खळ्याचा उतार घरापासून लांब. भिंतीत पाणी चढायचंच, पण जोत्याच्या उघड्या भागातून आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळूनही जायचं. जितकं चढेल तितकं उडेल असा हिशेब होता.

तुमच्याकडे दोन गोष्टी झाल्या. भरावामुळे जोतं जमिनीत गेलं, म्हणजे पाणी भिंतीला दीड फूट वरून मिळायला लागलं. आणि सिमेंट, पुट्टी, प्लॅस्टिक पेंट यांनी बाहेर पडायची वाट अडवली. अडलेलं पाणी कुठे जाणार? आणखी वर चढून, जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येणार. आता आतून वॉटरप्रूफिंग केलंत तर कमरेपर्यंतची ओल छातीपर्यंत जाईल. ठेकेदाराने दिलेली दहा वर्षं तो लेप टिकेलही, पण त्याच्या मागची भिंत नासेल.

@गच्चीवर, तुमच्या बंगल्याला ओल नाही कारण त्याच्या जोत्यावर डीपीसीचा (डॅम्प प्रूफ कोर्सचा, म्हणजे ओल अडवणारा) थर असणार. काँक्रीटचा तो पट्टा जमिनीचं पाणी भिंतीत जाऊच देत नाही. त्यावर सिमेंटचा गिलावा बिनधास्त चालतो. ऐंशी-शंभर वर्षांच्या जांभ्याच्या घरात असा पट्टा नसतो. घर वेगळं, म्हणून औषधही वेगळं.

---

गच्चीवर | १३ एप्रिल

आराखडा काढून बघितला. डीपीसी आहे. मुद्दा मान्य.

---

झावळी | १३ एप्रिल

उशीर झाला, पण पाया_पक्का यांनी माझं अर्धं काम केलंय.

आमच्या घरात सासऱ्यांनी बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीला टाइल लावली होती, झड लागू नये म्हणून. पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो, भिंत दिवसभर झोडपली जाते, त्यामुळे कल्पना समजण्यासारखी होती. चार वर्षांनी एक टाइल सुटून पडली. मागे जांभा ओल्या खडूसारखा झाला होता. मी बोटाने उकरला तर नखात लाल माती आली. भिंतीचा दगड नखाने निघतोय हे बघून पोटात गोळा आला. तेव्हा गवंड्याने सगळ्या टाइल काढून भिंत एक अख्खा उन्हाळा तशीच उघडी ठेवायला सांगितली. ठेवली.

आता आम्ही माझ्या माहेरी करायचे तेच करतो. मे संपता संपता पश्चिमेच्या भिंतीपुढे बांबू उभे करतो आणि त्यांना माडाच्या विणलेल्या झापा बांधतो. झापा भिंतीला चिकटवायच्या नाहीत, मध्ये हातभर जागा सोडायची. पाऊस झापांवर आपटतो आणि मागे वारा खेळतो. निळ्या ताडपत्रीने पाऊस अडतो पण वाराही अडतो, हा फरक मला वापरूनच कळला. दसऱ्याला झापा काढल्या की चुलीला सरपण.

---

गिरगावची_खिडकी | १४ एप्रिल

माझं घर कौलारू नाही, मुंबईतल्या १९८० च्या सुमाराच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे. पण ओल तशीच. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला आणि छताच्या कोपऱ्यात. छताला लांब सरळ चीर गेलीय, तिच्या कडेने तांबूस डाग. रंगारी म्हणाला चीर भरून रंग मारू. इथे लिहिलेलं मला लागू होतं का?

---

पाया_पक्का | १४ एप्रिल

नाही, तुमची गोष्ट निराळी आहे आणि जास्त तातडीची. रंगाऱ्याला थांबवा.

सरळ रेषेतली चीर आणि तांबूस डाग म्हणजे आतली सळई गंजतेय. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते. किनाऱ्याच्या हवेत मिठाचे कण असतात, ते ओलीबरोबर आत जातात आणि सळईभोवतीचं संरक्षण मोडतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत किनारपट्टीच्या हवेत उघड्या काँक्रीटसाठी सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीट आणि एम-३० दर्जा सांगितलाय. त्या काळच्या इमारतींत बऱ्याचदा सळईवर जेमतेम २० मिलिमीटर आढळतं.

चीर वरवर भरली तर डाग लपेल, गंज चालूच राहील. सैल काँक्रीट ठोकून काढायचं, सळई घासून साफ करायची, फारच झिजली असेल तर जोड सळई द्यायची, मग पॉलिमर मॉर्टर. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय नको. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तुमच्या सोसायटीचं झालंय का विचारा.

---

परळकर | १४ एप्रिल

@गिरगावची_खिडकी, सोसायटी हात झटकते असा बहुतेकांचा अनुभव असतो म्हणून लिहितो. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींतून किंवा गच्चीतून येणारी गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. मोरी-संडासातून खालच्या घरात होणारी आतली गळती मात्र ज्याची त्याने करायची. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा. तोंडी बोलण्यात आमचे दोन पावसाळे वाया गेले.

---

मांडवीकाठ | १५ एप्रिल

गोव्यातून लिहितोय. कातळवाट यांनी चुना खरवडून काढल्याचं वाचून जुन्या गोव्याचं बॉम जेझूस आठवलं. १६०५ साली पूर्ण झालेलं हे चर्च आज लालसर, उघड्या चिऱ्यांचं दिसतं आणि अनेकांना वाटतं ते मुळातच तसं होतं. ते आधी गिलावा केलेलं, पांढरं होतं. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवट असतानाच, जुनं आणि भव्य दिसावं म्हणून बाहेरचा गिलावा उतरवला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट जांभ्यावर कोसळतोय. जवळ जाऊन बघा, चिऱ्यांना खळगे पडलेत, कडा गोल झाल्यात. गिलावा पुन्हा करावा असं इथले अनेक वास्तुतज्ज्ञ कळकळीने सांगतात आणि आता डोळ्यांना लालच सवयीचं झाल्यामुळे विरोधही होतो. मला तिथे गेलं की वाईट वाटतं. चुना जांभ्याची कातडी आहे. कातडी सोलून माणूस पावसात उभा करत नाहीत.

नावाचीही एक गंमत आहे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात लोक हा दगड कापून विटेसारखा वापरताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. कोकणात मात्र त्याला जांभळट रंगावरूनच हाक मारतात.

---

सारवण | १५ एप्रिल

चुन्याचा विषय निघालाय म्हणून. राजापूरजवळ आजोळी घर बांधलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. मागच्या अंगणात चुन्याची घाणी घातली होती. जमिनीत गोल दगडी चर, त्यात मोठं दगडी चाक, चाकाच्या दांड्याला बैल. चुना आणि रेती चरात घालून बैल दिवसभर फिरायचा. मामा अधूनमधून हिरड्याचं काळं पाणी आणि गुळाचं पाणी ओतायचा. आम्हा मुलांचं लक्ष गुळाकडे. संध्याकाळी मामा चरातला चुना बोटावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा आणि रेतीचा कण लागला की म्हणायचा, "अजून नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा बैल.

ते घर आजही कोरडं आहे. पण आज ही घाणी, तो बैल, तो "अजून नाही" म्हणणारा मामा कुठून आणायचा?

---

गच्चीवर | १५ एप्रिल

@सारवण, वाचताना डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण शेवटचा प्रश्नच खरा. चुन्याचं काम करणारा गवंडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी दुप्पट, वेळ तिप्पट. कातळवाट यांनी दीड महिन्यात हे कसं करावं?

---

पाया_पक्का | १५ एप्रिल

दीड महिन्यात चुना करूच नये. ओल्या भिंतीवर घाईत केलेला चुनाही सुटतो. त्याला थरांच्या मध्ये दिवस द्यावे लागतात, सावकाश वाळू द्यावा लागतो. या हंगामात फक्त पाण्याचा बंदोबस्त करा आणि भिंत मोकळी करा, चुना दिवाळीनंतर. आणि घाणी नसली तरी अडत नाही. चुन्याची कळी महिनाभर आधी भिजत घाला, किंवा तयार भिजवलेला चुना आणा. रेती आणि थोडी विटेची सुरखी (पूड) घातली की काम होतं. सुरखीने चुना दमट हवेतही धरतो.

कातळवाट, भिंतीपासून तीन फुटांपर्यंतचे पेव्हर आणि खालचा मुरूम आत्ता काढा. जोत्याचा दगड दिसेपर्यंत खाली जा. तिथे उतार देऊन चर खणा, तळाशी छिद्रांचा पाइप, वर मोठी खडी. पाणी परसात लांब सोडा. मागच्या बाजूला पन्हळ लावा. आत सिमेंट गिलावा, ओल जिथवर आहे त्याच्या एक फूट वरपर्यंत, हलक्या हाताने काढा. छिन्नी आडवी धरायची, चिरा फुटता कामा नये. भिंत उघडी राहू दे, कुरूप दिसली तरी.

---

ह्यूस्टनवासी | १६ एप्रिल

एक मुद्दा बाहेरून. इथेही समुद्राची दमट हवा, पण ओल उलट बाजूने येते. बाहेर उकाडा, आत दिवसरात्र एसी. बाहेरची दमट हवा भिंतीत शिरते आणि आतल्या थंड बाजूला पाणी होते. भिंतीला आतून व्हिनाइलचा वॉलपेपर असेल तर ते पाणी त्याच्या मागे साठतं. आमच्या आधीच्या घरात पेपर सोलला तेव्हा मागे गुलाबी-काळे ठिपके होते, अख्खी भिंत भरून.

आता कोकणातही होमस्टेला एसी आलेत म्हणून सांगतो. हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर साधारण २४ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. एसी १८ वर लावला की शेजारच्या खोलीतली भिंत घामाघूम होणारच.

---

नवखा_०७ | १६ एप्रिल

आपली ओल जमिनीतली की हवेतली, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

---

झावळी | १६ एप्रिल

मला आमच्या गवंड्याने शिकवलं ते सांगते. ओल्या जागी वितभर चौकोनी प्लॅस्टिक किंवा स्वयंपाकघरातला चांदीचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी बघा. थेंब कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतून. दोन्हीकडे असतील तर दोन्ही कामं.

आणि पांढरं काही उगवलं असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर क्षार, म्हणजे लोणा. तसंच राहिलं, चोळल्यावर काळं-हिरवं पसरलं, तर बुरशी. बुरशी कोरडी झाडू नका, कण हवेत उडतात. ओल्या फडक्याने टिपा, नाकाला रुमाल बांधून. कातळवाट यांच्या आईंच्या खोलीत तर नक्कीच.

आणि पावसात कपडे आत वाळत घालणं शक्य तितकं टाळा. बादलीभर कपड्यांतलं लिटर-दोन लिटर पाणी शेवटी त्याच खोलीच्या हवेत जातं. आमच्याकडे आता दोऱ्या पडवीत आहेत, माजघरात नाहीत.

---

कातळवाट | ३० मे

मधे लिहायला जमलं नाही, कामातच होतो. तीन आठवडे रजा काढून गावी राहिलो.

मागचे-पुढचे पेव्हर काढले. दुसरी पायरी वर आली तेव्हा आईने ती पाण्याने धुऊन घेतली आणि तिच्यावर रांगोळी काढली. तिसरी अर्धी वर आहे, तेवढंच शक्य झालं. चर झाला, पन्हळ लागलं. माजघरातला सिमेंट गिलावा साडेचार फुटांपर्यंत काढला. आत चिरा काळा पडलेला आणि थंडगार होता, मेच्या उन्हातही. भिंतीवर ओलीच्या वरच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख घातलीय. जमिनीपासून ३८ इंच.

बाबांची तसबीर मधल्या खोलीत हलवली. आता भिंतीला टेकत नाही, मागे लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकल्यात.

---

वाडीतला | ३० मे

पायरीर रांगोळी. बरां वाटला वाचून.

---

कातळवाट | १० जुलै

मंडळी, धीर सुटतोय. जून चांगला गेला, रेघेच्या वर ओल गेली नाही. पण गेल्या आठ दिवसांत भिंत पुन्हा काळी पडली. चर कोरडा आहे, पन्हळ नीट आहे, मागे पाणी साचत नाही. तरी आज ओल ४१ इंचांवर! सगळं केलं ते चुकलं का?

---

पाया_पक्का | १० जुलै

थांबा. घाबरू नका, एक प्रयोग करा. त्या काळ्या भागातला चिऱ्याचा आणि सांध्यातला भुगा मूठभर खरवडा. दुसरा तेवढाच भुगा घरातल्या कोरड्या, जुन्या भिंतीचा घ्या. दोन्ही तव्यावर मंद आचेवर पूर्ण कोरडे करा, दोन बशांत पसरा आणि एकाच खोलीत रात्रभर उघड्या ठेवा. सकाळी काय दिसतं ते लिहा.

---

कातळवाट | ११ जुलै

केलं. कोरड्या भिंतीचा भुगा काल होता तसाच, फुंकर मारली तर उडतो. ओल्या भिंतीचा भुगा गडद झालाय, बशीला चिकटलाय, बोटाने दाबला तर गोळा होतो. त्याला कुणी पाणी घातलेलं नाही! आईने जिभेवर कण ठेवला (मी नको म्हणत असताना) आणि म्हणाली, "खारट आहे रे. अगदी मीठ."

---

पाया_पक्का | ११ जुलै

आईंनी निदान केलं.

पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं का होतं? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जुलैत आपल्याकडे आर्द्रता दिवसरात्र त्याच्या वरच असते. तुमच्या भिंतीत तेच चाललंय. जमिनीतून नवं पाणी चढत नाही, भिंतीतलं मीठ हवेतलं पाणी पितंय. म्हणून चर कोरडा असतानाही भिंत काळी. आणि ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की तेच मीठ पुन्हा खडा धरतं, धरताना गिलाव्याला आतून ढकलतं, आणि पोपडे पडतात. दर वर्षी तीच ढकलाढकली.

मीठ आलं कुठून? काही जमिनीतून, काही समुद्राच्या वाऱ्यातून. पण इतकं असेल तर माझा संशय २०१९ च्या रेतीवर आहे. खाडीची रेती गोड्या पाण्याने न धुता वापरली असेल तर मीठ भिंतीला आपणच चारलं.

---

कातळवाट | ११ जुलै

रेती खाडीचीच होती. ट्रकमधून उतरताना तिच्यात शिंपले होते. मी पुतण्याला दाखवले होते, किती छान आहेत म्हणून.

---

झावळी | ११ जुलै

तुम्हाला माहीत नव्हतं. मनाला लावून घेऊ नका. आता मीठ बाहेर कसं काढायचं ते विचारा.

---

पाया_पक्का | १२ जुलै

पाऊस संपेपर्यंत काहीच नाही. फक्त वर येणारा पांढरा थर कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करायचा आणि घरापासून लांब टाकायचा. ओल्या फडक्याने पुसलं तर मीठ विरघळून पुन्हा आत जातं, म्हणजे बुरशीच्या बरोबर उलट.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून भिंतीवर बोटभर जाड थापा. लगदा वाळताना मीठ स्वतःकडे ओढतो. पूर्ण वाळला की सोलून टाका, पुन्हा नवा थापा. तीन-चार वेळा. मग कमरेपर्यंत चुन्याचा थोडा भुसभुशीत गिलावा, मीठ खाऊन खराब व्हायलाच ठेवलेला. पाच-सात वर्षांनी तो काढून दुसरा करायचा. गिलावा गेला तरी चालेल, चिरा वाचला पाहिजे.

---

गिरगावची_खिडकी | ३ ऑगस्ट

इथलाच सल्ला मानून सोसायटीला लेखी दिलं. इंजिनिअर येऊन गेले. हातोडीने वाजवत छताखाली फिरले, तीन ठिकाणी पोकळ आवाज आला. आमच्या वरच्या घरातही. पावसाळ्यानंतर अख्ख्या पश्चिमेच्या बाजूचं काम निघतंय. रंगाऱ्याने चीर बुजवली असती तर हे कळलंही नसतं.

---

कातळवाट | ८ फेब्रुवारी

मागच्या आठवड्यात गावी जाऊन आलो.

लगदा चार वेळा थापला. जुन्या वर्तमानपत्रांचा नको, शाई उतरते, म्हणून कोरा टिपकागद आणला. पहिला थर सोलला तेव्हा मागच्या बाजूला मिठाचे बारीक खडे चमकत होते. चौथ्याच्या वेळी जवळजवळ नाही. मालवणचा एक वयस्क गवंडी मिळाला, चुन्याचं काम लहानपणी वडिलांबरोबर केलेला. त्याने माजघराच्या दोन्ही भिंती केल्या, वर रंगही चुन्याचाच दिला, थोडी नीळ घालून. त्याला सारवणताईंच्या मामांची गोष्ट सांगितली तर त्यानेही चुना अंगठ्यावर घेऊन चोळून दाखवला.

गिलाव्याच्या आधी रेघ बघितली होती. ३८ वरून १९ इंचांवर आली होती. आईचा खोकला या थंडीत कमी आहे. तो ओलीमुळेच कमी झाला असं म्हणत नाही, पण खोलीतला कुबट वास गेलाय हे नक्की.

---

सारवण | ८ फेब्रुवारी

गवंड्याला माझा नमस्कार सांगा. आणि त्याच्या हाताखाली कुणी शिकतंय का, तेवढं विचारून कळवा.

---

कातळवाट | ९ फेब्रुवारी

विचारलं. नातू सुट्टीत येतो, चुना ढवळायला. मे महिन्यात आमच्या देवघराची भिंत ते दोघं करणार आहेत.